लदेणीचा कोरा कोपरा

१

जेवण करून आम्ही वर आलो, तेव्हा चटईवरचा कपडा नव्हता.

लाकडी बैल होते. फासे होते. कपडा तेवढा गेला होता.

"बा, तू घडी करून ठेवला का?" पुष्पाने मला विचारलं.

मी नकारार्थी मान हलवली.

पुष्पा माझी मुलगी. यवतमाळला लोहाऱ्यात इंदूबाई डहाके यांच्या घरी वरची खोली घेऊन राहते. तिने एक खेळ तयार केला आहे. चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एखादं पात्र होतो, फासे टाकतात आणि बोलत बोलत गोष्ट पुढे नेतात. असे खेळ जगभर आहेत म्हणे. पण सगळे विलायती किल्ल्यांचे आणि तलवारवाल्या सरदारांचे. पुष्पाने आपला खेळ तांड्याचा केला. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून आमचे वाडवडील मुलखामुलखांत जायचे, तिला आम्ही लदेणी म्हणतो. खेळाचं नावही लदेणीच. त्यात जागा बदलणारी नदी आहे, मालकाला ओळखणारी विहीर आहे, वाट विचारल्याशिवाय कोणाला आत न घेणारं जंगल आहे. या सगळ्या गोष्टी पुष्पाला तिच्या आईने, तिच्या याडीने, सांगितल्या. नकाशाही आईनेच केला. पांढऱ्या मांजरपाटावर सुईने भरलेला, आरसे लावलेला.

एक कोपरा भरायचा राहिला आणि हंसाबाई गेली. माझी बायको. तिने शेवटचं काम केलं ते हेच. त्या कपड्याला तिच्यानंतर कोणी सुई लावली नव्हती आणि लावू नये, असं मी पुष्पाला सांगून ठेवलं होतं. पोरांनी त्या कोऱ्या कोपऱ्याला खेळात अनोळखी मुलूख ठरवलं. त्याला माझी हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी नागपूरला अशा खेळांचा मेळा होता. तिथे कपडा मांडायचा होता, म्हणून मी तो बोरी अरबजवळच्या आमच्या तांड्यावरून स्वतः घेऊन आलो होतो. दुसऱ्या कोणाच्या हाती मी तो दिला नसता.

"पोट्टेहो, मस्करी करत असान तं आत्ताच सांगा," मी म्हणालो.

नयन आणि निकिता एकमेकांकडे बघायला लागले. दोघंही पुष्पाबरोबर खेळणारे. नयन चित्रं काढतो. खेळाचं पुस्तक निघणार आहे, त्यातली चित्रं त्याचीच. पुण्याला शिकून आलेला, तोंडाने फटकळ मुलगा. सकाळपासून पुष्पाची थट्टा चालली होती. "पुण्यात आमी प्लास्टिकच्या चटईवर खेळत होतो. रस्ता काढला, पुसला, दुसरा काढला. तुया कपड्याले तं बोटंबी लावू देत नाई तू!" आता तो अगदी गप्प झाला होता.

"कोकिळामावशी कुठी गेली?" निकिताने विचारलं.

कोकिळा माझी मेहुणी, हंसाबाईची धाकटी बहीण. कळंबजवळच्या तांड्यावरून आम्हाला भेटायला आली होती. जेवण होताच, "मायी गाडी निघून जाईन" म्हणत पिशवी उचलून गेली होती. आणि जाण्याआधी ती हात धुवायला म्हणून वर आली होती.

पुष्पाचा चेहरा उतरला. सकाळीच कोकिळाने सगळ्यांसमोर भांडण काढलं होतं. "मेलेल्या बाईच्या हातचं काम जमिनीवर टाकून त्याच्यावर खेळता? लाज नाई वाटत? असं काम पेटीत ठेवतात. नाई तं मले द्या."

२

इंदूबाई पोलीस खात्यात जमादार होत्या. निवृत्त झाल्या, पण आवाज नोकरीतलाच राहिला. पदराला हात पुसत वर आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

"कोणी काई हलवलं?"

"नाई काकू."

"मंग आता हलवू नका."

त्या खाली बसल्या. चटईजवळ तोंड नेऊन बघू लागल्या, आणि मग चटईचा वास घेतला. निकिता घाबरलेली असूनही तिला हसू आलं.

"हास, हास. चोर सापडल्यावर मी हासीन." इंदूबाईंनी बैलांकडे बोट दाखवलं. "हे बैल कपड्यावर उभे होते ना? कसे?"

पुष्पाने नीट पाहिलं. "असेच. पुढचा बैल कोपऱ्याच्या तोंडाशी, बाकीचे मागं रांगेत. काकू, हे तं जागच्या जागी हायेत!"

"म्हंजे ज्यानं कपडा नेला, त्यानं एकएक बैल उचलला, कपडा काढला आन पुन्हा होता तसा मांडला. चोराले येवढी फुरसत कायले पाहिजे?"

मला एकदम राग आला. हे काम खेळ जपणाऱ्याचं होतं, आणि खेळ सगळ्यांत जास्त पुष्पाच जपते. मी तिच्याकडे पाहिलं. तिने ते ओळखलं.

"बा, माया याडीचा कपडा मी चोरीन?" ती एवढंच म्हणाली. मी नजर खाली घातली.

"वर कोण कोण आलतं?" इंदूबाईंनी विचारलं. "जेवताना मी वाढत होती. पुष्पा मायाजवळ होती. तुमी, राठोडभाऊ, पाटावरून उठले नाई. राह्यले तिघं."

"मी मोबाईलचा चार्जर घ्याले आलतो," नयन म्हणाला. "तवा कपडा होता. पाह्यला मी. मायानंतर मावशी वर गेल्या."

"मी घरी फोन लावाले जिन्यात गेलती," निकिता म्हणाली. "खोलीत नाई आली."

"काहून? कालच्या डावात तुयी पाणी शोधणारी त्या कोऱ्या कोपऱ्यात मेली ना? 'जळून जावो तो नकाशा' म्हणून जिन्यातून वरडत उतरली होती. खालपर्यंत ऐकू आलं मले."

"काकू, खेळात मेली ती! खेळात माणूस चिडतेच ना!"

"चटईले वास कायचा येऊन राह्यला, सांग."

निकिता वाकली. वास घेतला आणि चमकून खिडकीकडे गेली. "मायी नेलपेंट काढायची बाटली! सकाळी इथीच ठेवली होती." खिडकीत बाटली नव्हती.

निकिताला रडू फुटलं. "म्या नाई नेला काकू. म्या कायले नेईन?"

"मी मागच्या गल्लीत पाहून येतो," नयन एकदम म्हणाला. "खिडकीतून कोणी खाली टाकला असन तं." आणि तो धडधड जिना उतरला. त्याची मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

इंदूबाई उठल्या. "कोकिळाची गाडी सुटाच्या आंधी स्टँडवर पोचलं पाहिजे. चाला भाऊ."

३

ऑटोत मी कोकिळाला मनात हजार शिव्या दिल्या. हंसाबाई आजारी होती तेव्हा हीच कोकिळा महिनाभर आमच्या घरी राहिली होती. तिने उष्टं-खरकटं काढलं, बहिणीला उचलून बसवलं. हे मला आठवत होतं, तरी शिव्या थांबत नव्हत्या.

ती कळंबच्या फलाटावर पिशवी मांडीत घेऊन बसली होती. आम्हाला पाहून उभी राहिली.

"काय भाऊजी, मले सोडाले आले का धराले?"

"पिशवी दाखव," इंदूबाई म्हणाल्या.

"काहून? तुमच्या घरचे चमचे मोजाचे हायेत का?"

"कोकिळा," मी म्हणालो, "हंसाचा कपडा गेला."

तिच्या चेहऱ्यावरचा राग गेला. तिने पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली. तेवढ्यात पिशवीच्या तोंडातून एक आरसा चमकला. पांढऱ्या दोऱ्याने शिवलेला, हंसाबाईच्या हाताचा. तो टाका मी कुठेही ओळखला असता.

मी पिशवी ओढली.

आत काचळी होती. हंसाबाईची जुनी चोळी, पाठीला बंद असलेली. बाकी पोळ्यांचं फडकं आणि पाण्याची बाटली.

"पुष्पानं देल्ली मले," कोकिळा म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "आठवण म्हणून. तुमाले सांगू नोको म्हणे, बाले दुःख होईन. मी वर हात धुवाले गेली तं खोलीत डोकावलीबी नाई. झालं समाधान?"

लोक बघत होते. मी पिशवी तिच्या हातात परत दिली.

"मायी चूक झाली," मी म्हणालो.

"चूक तुमची जुनी हाये, भाऊजी. तुमाले वाटते, ती तुमचीच होती फक्त." मग ती इंदूबाईंकडे वळली. "कोणी नेला तं काई नाई, सापडन. पण त्यायले म्हणा, पाण्यात घालू नोका. बस. पाण्यात घालू नोका."

"काहून?" इंदूबाईंनी पटकन विचारलं.

"त्यातला तांड्याचा रस्ता लाल दोऱ्याचा हाये ना? तो बाजारचा दोरा नाई. हंसाबाईनं आपल्या लग्नातला घागरा उसवला होता. त्याचे धागे काढून काढून रस्ता भरला. जुना रंग हाये, पाणी लागलं का सुटते. म्हणून मी म्हणत होती, पेटीत ठेवा. तुमाले कोणालेच माहीत नाई?"

मला माहीत नव्हतं. घागरा ट्रंकेत असेल असं मी धरून चाललो होतो.

इंदूबाईंनी माझं मनगट पकडलं. "भाऊ, ऑटो थांबवा. कपडा चोरीले गेलाच नाई."

४

कोकिळाने कळंबची गाडी सोडली आणि आमच्याबरोबर बसली. ऑटो खड्ड्यांतून उडत होता. इंदूबाई बोटांवर मोजत बोलत होत्या.

"नेलपेंट काढाची बाटली. चटईवर त्याचा वास. म्हंजे कपडा चटईवर असतानाच कोणीतरी त्याच्यावर ती ओतून घासलं. काय निघते त्यानं?"

"नखाचा रंग," कोकिळा म्हणाली.

"निकिताचे नखं सकाळीच साफ झालते, मी पाह्यले. आणखी काय निघते?"

मी कोकिळाकडे पाहिलं.

"पोलीस ठाण्यात फळ्यावर पोरं मार्कर घासत, तवा तेच वापरत. पक्क्या शाईचा मार्कर." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कपड्यावर कोणीतरी मार्करनं काढलं. मंग घाबरून पुसाले गेलं. ते निघालं नाई, म्हणून धुवाले नेलं. आन बैल जागच्या जागी कायले मांडले? कारण त्याले कपडा परत आणून टाकाचा होता. डाव तिथूनच पुढं चालवाचा होता."

"पण त्या कपड्यावर कोण काढन?" मी म्हणालो. "पुष्पानं तं पेनही वर येऊ देल्ला नाई."

"तांड्यावरचं माणूस काढणारच नाई. भरलेल्या कामावर पेन धरणं तुमच्या मनातबी येत नाई. निकितानं काढलं असतं तं आपलीच बाटली हरवली म्हणून वरडली नसती, गुपचूप राह्यली असती. पुष्पा मायाजवळ होती. राह्यला कोण? ज्याच्या हाताले नकाशावर रस्ता काढाची, पुसाची सवय हाये तो. पुण्याची प्लास्टिकची चटई."

"नयन," मी म्हणालो.

"तो चार्जर घ्याले गेला म्हणे. चार्जर अजून बोर्डात लटकून हाये. मी पाह्यला. आन त्याची गाडी मागच्या गल्लीत, खिडकीच्या खालीच उभी राह्यते. वरून सोडला असन."

मी पुष्पाला फोन लावला. "नयन आला का?"

"नाई बा. फोनबी उचलून नाई राह्यला."

"त्याचं घर कुठी?"

"एमआयडीसीच्या मागं, पाण्याच्या टाकीजवळ. काहून?"

कोकिळाने माझ्या हातातून फोन घेतला. "पुष्पा, तू पळत जा. जवळ तूच हायेस. त्यानं कपडा पाण्यात घातला नसन तं घालू देऊ नोको. घातला असन तं पिळू देऊ नोको. समजलं? पिळू देऊ नोको!"

५

घराचं फाटक उघडं होतं. गच्चीवरून पुष्पाचा आवाज येत होता. ती ओरडत नव्हती. हळू आवाजात सारखं "सोड, नयन, सोड" म्हणत होती.

आम्ही वर गेलो. नळाखाली घमेलं होतं, त्यात साबणाचा फेस. नयन उकिडवा बसला होता, त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात होते. कपड्याचा बराचसा भाग कोरड्या बाजूला पुष्पाने धरून ठेवला होता. कोरा कोपरा त्याच्या मुठीत होता, पाण्यात.

पाणी गुलाबी झालं होतं.

"मी पिळणार नाई," नयन म्हणत होता. "पण सोडलं तं अजून रंग जाईन का? काय करू? सांगा ना कोणी!"

"हात तसेच ठेव," कोकिळा म्हणाली. तिने पदर खोचला. त्याच्या मुठीखाली आपला हात घातला आणि कपडा अलगद वर उचलला. "पुष्पा, कोरडे टॉवेल आण. घरातले सगळे. भाऊजी, उन्हात नोको, सावलीत जागा करा. सपाट."

मी जागा केली. टॉवेलावर कपडा पसरला, वर दुसरा टॉवेल दाबला. कोकिळा गुडघ्यांवर बसून तळहाताने दाबत गेली. बाहेरून आत. टॉवेल लाल व्हायचा, की दुसरा.

शेवटी तिने टॉवेल उचलला.

विहीर, जंगल, नदी जशीच्या तशी होती. आरसे होते. पण रस्त्याचा शेवटचा तुकडा, हंसाबाईने सगळ्यात शेवटी भरलेला, फिकट पडला होता, आणि त्याचा रंग कोऱ्या कोपऱ्यात पसरला होता. त्या गुलाबीत एक निळी रेघ अजून दिसत होती. वाकडी, घाईची.

"डाव माया होता," नयन म्हणाला. तो भिंतीला टेकून उभा होता. "रस्ता कुठून न्यावा ते पाहाले वर गेलतो. खिशात मार्कर होता. हात आपोआप गेला, काका. काढून झाल्यावर समजलं का हा कपडा हाये. मले वाटलं, संध्याकाळपर्यंत धुवून आणून टाकीन, तुमाले कळणारबी नाई."

मी त्याच्याकडे गेलो. माझा हात वर गेला होता, ते मला इंदूबाईंनी तो धरला तेव्हा कळलं.

"मारू द्या काकू," नयन म्हणाला.

"तुयासाठी नाई धरला," इंदूबाई म्हणाल्या. "त्यायलेच मंग झोप येणार नाई."

मी हात खाली घेतला. "आमच्या तांड्यावर अशी गोष्ट नायकापुढं, म्हंजे तांड्याच्या प्रमुखापुढं, जाते," मी म्हणालो. "पंच बसतात. सगळ्यायपुढं उभं राहून सांगा लागते, काय केलं ते."

"येतो मी."

"तांड्यावर नाई. उद्या नागपूरले. कपडा हा असाच मांडायचा. तू त्याच्याजवळ उभा राह्यशीन. डाग कशाचा म्हणून जो विचारीन, त्याले सगळं सांगशीन. कपडा कोणी केला, लाल दोरा कशाचा होता आन तू काय केलं. एकालेबी गाळायचं नाई."

पुष्पा माझ्याकडे बघत राहिली. "बा, तू म्हणत होता, याडीनं ठेवला तसाच राहाले पाहिजे."

"आता नाई ना राह्यला," मी म्हणालो.

६

नागपूरचा हॉल मोठा होता. टेबलांवर किल्ले, राक्षस, रंगवलेले शिपाई. आमच्या टेबलावर कपडा आणि बैल.

नयन सकाळपासून उभा होता. सुरुवातीला त्याचा आवाज खोल जात होता. "हा नकाशा हंसाबाई राठोड यांनी भरला. लाल दोरा त्यांच्या लग्नातल्या घागऱ्याचा. हा डाग माझ्यामुळे पडला." लोक डागाकडे बघायचे, मग त्याच्याकडे. काही जण काही न बोलता पुढे जायचे. एका बाईने त्याला चांगलंच झापलं. त्याने ऐकून घेतलं.

मी मागे खुर्ची टाकून बसलो होतो. वर्षभर माझ्यापुढे तिचं नाव घ्यायचं सगळे टाळत होते. घरात कोणी आलं की शेताचं बोलायचे, पिकाचं बोलायचे. आणि इथे एक मुलगा दिवसभर तिचं पूर्ण नाव घेत होता. अनोळखी लोक ते परत म्हणत होते. "हंसाबाई राठोड. बरं. त्यांनी केलं का हे?"

दुपारनंतर चार जण खेळायला बसले. पुष्पा डाव चालवत होती. त्यांचा तांडा फिरत फिरत रस्त्याच्या टोकाला पोचला. समोर तो गुलाबी कोपरा. त्यांच्यातली एक मुलगी, चष्मेवाली, थांबली.

"इथे काय आहे?" तिने विचारलं. "म्हणजे, हंसाबाईंनी इथे काय भरलं असतं?"

पुष्पा माझ्याकडे बघायला लागली. नयनही. निकिताने फासे हातातच धरून ठेवले.

मी खुर्चीवरून उठून टेबलाजवळ गेलो. किती वेळा हंसा दारात बसून हे काम करायची आणि मी शेजारी बाजेवर पडलेला असायचो.

"मले माहीत नाई," मी म्हणालो. "तिले विचाराचं राहून गेलं."

मुलीने पुढच्या बैलावर बोट ठेवलं. "आम्ही इकडून गेलो तर चालेल का, काका?"

मी तो कोपरा बघितला. ओल वाळली होती.

"जा," मी म्हणालो. "पण आंधी बैलायले पाणी पाजून घ्या. पुढं भेटन का नाई, कोणाले ठाऊक."